वॉरस्पाइट इतकी वर्षे कशी लढली? एका इंजिनवाल्याचे उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. १९१५ मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झालेली ‘वॉरस्पाइट’ ही युद्धनौका दुसऱ्या महायुद्धात पंचवीस वर्षांची जुनी होती, तरीही नार्विकपासून नॉर्मंडीपर्यंत जवळजवळ प्रत्येक मोठ्या मोहिमेत तिचे नाव येते. मग हे केवळ नशीब होते की तिच्या बांधणीत काही विशेष होते? शिवाय ती आज कुठे पाहायला मिळेल, असेही आपण विचारले आहे. मी नौदलात नव्हतो. माझी सगळी नोकरी व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये झाली, त्यातली पहिली काही वर्षे वाफेच्या टर्बाइनवर आणि शेवटची चीफ इंजिनिअर म्हणून. त्यामुळे मी या जहाजाकडे पाहतो ते तळाकडून वर, म्हणजे बॉयलर, पंखे (जहाज पुढे ढकलणारे प्रोपेलर) आणि सुकाणू यांच्या बाजूने, आणि माझे उत्तरही त्याच बाजूने येईल.

आमच्या धंद्यात जहाजाचे वय जलावतरणाच्या तारखेवरून कोणी मोजत नाही. दर पाच वर्षांनी मोठा सर्व्हे होतो, तेव्हा तळाच्या पत्र्यांची जाडी मोजतात, बॉयलरच्या नळ्या तपासतात, पंख्याचा शाफ्ट बाहेर काढून त्याला कुठे तडा गेला आहे का ते बघतात. पंधरा वर्षांचे जहाज म्हातारे निघू शकते आणि तीस वर्षांचे जहाज तरणे. वॉरस्पाइटच्या बाबतीत हेच घडले. १९३९ मध्ये युद्धावर गेलेल्या जहाजाचा सांगाडा आणि तोफा जुन्या होत्या, पण पोटातली यंत्रे अवघ्या दोन-तीन वर्षांची होती. नशिबाचा वाटा मी नाकारत नाही, तो पुढे येईलच. पण तिच्या कामगिरीचे मूळ १९३४ ते १९३७ या काळात पोर्टस्मथच्या गोदीत झालेल्या पुनर्बांधणीत आहे, असे माझे ठाम मत आहे.

आधी मूळ जहाज. वॉरस्पाइट ही ‘क्वीन एलिझाबेथ’ वर्गातल्या पाच नौकांपैकी एक. डेव्हनपोर्टच्या सरकारी गोदीत ३१ ऑक्टोबर १९१२ रोजी तिचा कणा घातला गेला आणि नोव्हेंबर १९१३ मध्ये ती पाण्यात उतरली. या वर्गाची दोन वैशिष्ट्ये त्या काळात धाडसाची होती. एक म्हणजे १५ इंची तोफा. प्रत्येक गोळा सुमारे ८८० किलो वजनाचा आणि अशा आठ तोफा चार जोड-टरेटमध्ये, म्हणजे दोन-दोन तोफांच्या फिरत्या चिलखती बुरुजांत, बसवलेल्या. दुसरे म्हणजे कोळसा पूर्णपणे सोडून फक्त तेलावर चालणारे बॉयलर. ब्रिटनकडे कोळसा भरपूर होता आणि तेल अजिबात नव्हते, म्हणूनच १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत बहुसंख्य हिस्सा विकत घेतला. इराणच्या तेलाचे पुढचे सगळे राजकारण ज्या निर्णयांतून निघाले, त्यांतला एक असा या जहाजांच्या भट्ट्यांशी जोडलेला आहे. तेलामुळे कोळसा ओढणारे शेकडो हात वाचले आणि सुमारे २४ नॉटचा (तासाला २४ सागरी मैलांचा) वेग मिळाला, जो त्या वेळच्या इतर युद्धनौकांपेक्षा चांगलाच जास्त होता.

पहिल्या महायुद्धातली तिची खरी कसोटी ३१ मे १९१६ रोजी डेन्मार्कजवळच्या समुद्रात ब्रिटिश आणि जर्मन ताफ्यांत झालेल्या जटलंडच्या लढाईत लागली, आणि तिथे जे झाले ते कोणत्याही इंजिनिअरच्या अंगावर काटा आणणारे आहे. रिअर ॲडमिरल इव्हान-थॉमस यांचे पाचवे स्क्वाड्रन वळत असताना सोबतच्या नौकांशी टक्कर टाळण्यासाठी वॉरस्पाइटचे सुकाणू जोरात एका बाजूला घातले गेले आणि ते तिथेच अडकले. ऐन लढाईत, जर्मन ताफ्याच्या तोफांच्या टप्प्यात, तीस हजार टनांच्या आसपासचे जहाज गोल फिरू लागले. कॅप्टन फिलपॉट्स यांच्यापुढे दोनच मार्ग होते. इंजिने उलटी फिरवून थांबायचे, म्हणजे शत्रूला स्थिर लक्ष्य द्यायचे, किंवा वेग कायम ठेवून फिरत राहायचे. त्यांनी वेग कायम ठेवला. जहाजाने दोन पूर्ण फेऱ्या मारल्या आणि त्या अवधीत जर्मन तोफांनी तिला मनसोक्त झोडपले.

सुकाणू अडकणे म्हणजे काय, हे मी एकदा अनुभवले आहे. लढाई नव्हती, माथ्यावर कोणी तोफा डागत नव्हते, फक्त एका अरुंद खाडीत हायड्रॉलिक पंपाचा व्हॉल्व्ह चिकटला होता आणि सुकाणू दहा अंशांवर बसले होते. ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या खोलीतून, फोनवर फोन येत होते. आम्ही दोघे सुकाणूच्या खोलीत घामाने निथळत हाताने व्हॉल्व्ह फिरवत होतो, आणि ती चार-पाच मिनिटे आजही माझ्या स्वप्नात येतात. वॉरस्पाइटच्या माणसांनी तेच काम गोळे फुटत असताना, धुराने भरलेल्या मार्गांतून धावत केले. त्या दिवशी तिला मोठ्या तोफांचे पंधरा गोळे लागले, १४ जण मेले आणि १६ जखमी झाले. जखमींमध्ये वॉल्टर येओ नावाचा वॉरंट ऑफिसर होता, ज्याच्या डोळ्यांच्या पापण्या जळून गेल्या होत्या. पुढच्या वर्षी डॉ. हॅरल्ड गिलीज यांनी त्याच्या चेहऱ्यावर त्वचेचे रोपण केले आणि प्लॅस्टिक सर्जरीच्या इतिहासातल्या अगदी पहिल्या रुग्णांमध्ये त्याची नोंद झाली. आणखी एक योगायोग असा की, जवळच खिळखिळी झालेली ‘वॉरियर’ ही क्रूझर (वॉरस्पाइटसारख्या नौकांपेक्षा लहान लढाऊ जहाज) शत्रूच्या माऱ्यात सापडली होती, आणि वॉरस्पाइट मध्ये आल्यामुळे तिच्यावरचा मारा हटला. वॉरियरवरच्या खलाशांना वाटले की आपल्याला वाचवण्यासाठी ती मुद्दाम मध्ये आली. तसे नव्हते, पण त्यांची कृतज्ञता खरी होती.

सुकाणूची ही खोड मात्र तिने जन्मभर सोडली नाही. १९३७ मध्ये नव्या यंत्रांसह चाचण्या घेताना सुकाणूने पुन्हा त्रास दिला. एखाद्या जहाजात एखादा दोष असा मुरलेला असतो, की सगळे बदलले तरी तो राहतो, आणि जुने इंजिनिअर नव्या माणसाला सूत्रे देताना तो सर्वांत आधी सांगतात.

आता पुनर्बांधणी. १९२० च्या दशकात एकदा तिच्या दोन चिमण्या एकत्र करून बाजूंना पाणसुरुंग आणि टॉर्पेडोपासून बचाव करणारे फुगवटे बसवले होते, पण ते किरकोळ काम होते. १९३४ मध्ये तिला जवळजवळ रिकामी केली. मूळचे २४ बॉयलर काढून त्या जागी नव्या पद्धतीचे फक्त सहा बॉयलर बसवले, प्रत्येक वेगळ्या खोलीत. जुनी टर्बाइन जाऊन गिअरवर चालणारी नवी टर्बाइन आली. यंत्रांचे वजन हजार टनांहून अधिक घटले आणि पूर्ण वेगाच्या जवळपास चालताना तासाला सुमारे ४१ टन लागणारे तेल २७ टनांच्या आसपास आले. ज्याने चोवीस बॉयलर सांभाळले आहेत किंवा सांभाळणाऱ्यांच्या हाताखाली काम केले आहे, त्याला या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. प्रत्येक बॉयलरला पाण्याची पातळी दाखवणारी काच असते, तिच्यावर अखंड नजर लागते. प्रत्येकाचे बर्नर साफ करावे लागतात, आतल्या विटा तपासाव्या लागतात. चोवीसचे सहा झाले म्हणजे चुकण्याच्या जागाही तेवढ्याच कमी झाल्या. वाचलेले वजन खर्च झाले ते डेकच्या चिलखतावर. दारूगोळ्याच्या कोठारांवर पाच इंच आणि यंत्रांवर साडेतीन इंच जाडीचे पोलाद आले. विमानविरोधी तोफा वाढल्या, विमाने ठेवायला हँगर आला.

याच वेळी आणखी एक बदल झाला, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मूळ टरेटमध्ये तोफा २० अंशांपर्यंतच वर उचलता येत असत; त्या ३० अंशांपर्यंत उचलता येतील अशी दुरुस्ती झाली. पल्ला सुमारे २१ किलोमीटरवरून २९ किलोमीटरच्या आसपास गेला. हा फरक कागदावर नव्हे, तर ९ जुलै १९४० रोजी इटलीच्या कॅलाब्रियाच्या किनाऱ्यासमोर दिसला. भूमध्य समुद्रातल्या ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल कनिंगहॅम यांचे निशाण वॉरस्पाइटवर होते, म्हणजे ते तिच्यावरूनच ताफा चालवत होते. सोबत तिचीच बहीण ‘मलाया’ होती, जिच्या तोफांची अशी दुरुस्ती झाली नव्हती, आणि मागे राहिलेली ‘रॉयल सॉव्हरिन’ होती. मलायाने केलेला मारा लक्ष्यापर्यंत पोहोचलाच नाही, तिचे गोळे कमी अंतरावर पडले. वॉरस्पाइटचा गोळा मात्र सुमारे २४ किलोमीटर अंतरावरून इटलीच्या ‘जुलिओ चेझारे’ या युद्धनौकेवर बसला. चालत्या जहाजाने दुसऱ्या चालत्या जहाजावर केलेल्या सर्वांत लांबच्या अचूक माऱ्यांपैकी तो एक मानला जातो. गोळा पडल्यावर तिथला लहान तोफांचा दारूगोळा पेटला, आणि बॉयलरना हवा पुरवणाऱ्या पंख्यांनी तो धूर खाली बॉयलररूममध्ये ओढला. माणसांना तिथे उभे राहता येईना, काही बॉयलर बंद करावे लागले आणि चेझारेचा वेग एकदम घटला. तिच्या बॉयलरना गोळा लागलाच नव्हता, तरी ते बंद पडले. आमच्या धंद्यातही आगीच्या वेळी पहिला हुकूम हवेचे पंखे बंद करण्याचा असतो, तो यासाठीच. जुनी जहाजे, एकच वर्ग, एकाच प्रकारच्या तोफा. एकीचा मारा पोहोचला, दुसरीचा पोहोचला नाही. माझ्या मताला याहून चांगला पुरावा मला सापडत नाही.

याच्या तीन महिने आधी, १३ एप्रिल १९४० रोजी, ती नॉर्वेत नऊ विनाशिकांसह (लहान, वेगवान लढाऊ जहाजांसह) नार्विककडे जाणाऱ्या ओफोत फ्योर्डमध्ये शिरली होती. डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यात एवढी मोठी नौका घालणे हा धोका होता, कारण पाणबुडीने एक टॉर्पेडो सोडला असता तर वळायला जागा नव्हती. पण तिच्यावरून उडालेल्या स्वोर्डफिश विमानाने पुढे जाऊन टेहळणी तर केलीच, शिवाय ‘यू-६४’ ही जर्मन पाणबुडीही बुडवली. त्या दिवसाअखेर तिथल्या सर्व आठ जर्मन विनाशिका बुडाल्या किंवा त्यांच्याच माणसांनी निकामी केल्या. विमानाचा हँगरही त्याच पुनर्बांधणीतला होता, हे इथे लक्षात घ्यावे.

२८ मार्च १९४१ च्या रात्री ग्रीसच्या दक्षिणेला झालेल्या मॅटापानच्या लढाईबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. वॉरस्पाइट आणि तिच्या बहिणी ‘बारहम’ व ‘व्हॅलिअंट’ यांनी अंधारात सुमारे साडेतीन किलोमीटरवरून, म्हणजे या तोफांच्या मानाने अगदी हाताच्या अंतरावरून, ‘झारा’ आणि ‘फ्युमे’ या इटालियन क्रूझर उद्ध्वस्त केल्या. इटालियनांना रात्रीच्या लढाईची अपेक्षा नव्हती; त्यांच्या मोठ्या तोफा सज्ज नव्हत्या. सुमारे २३०० इटालियन नाविक मेले. जर्मन विमानांच्या भीतीने बचावकार्य थांबवावे लागल्यावर कनिंगहॅम यांनी पाण्यात राहिलेल्यांचे ठिकाण इटलीला बिनतारी संदेशाने कळवले, आणि इटलीचे रुग्णालय-जहाज तिकडे आले. या रात्रीचा विचार करताना मी तोफांपेक्षा या संदेशापाशी जास्त थांबतो.

दोन महिन्यांनी, २२ मे रोजी, क्रीटजवळ तिच्यावर बॉम्ब पडला, ३८ जण मृत्युमुखी पडले आणि उजव्या बाजूच्या दुय्यम तोफा निकामी झाल्या. भूमध्य समुद्रात दुरुस्तीची सोय नव्हती. म्हणून ती सुएझ ओलांडून, हिंदी आणि पॅसिफिक महासागर पार करून अमेरिकेच्या ब्रेमर्टन इथल्या गोदीत गेली, तेव्हा अमेरिका अजून युद्धात उतरलीच नव्हती. तोफांच्या झिजलेल्या नळ्याही तिथे बदलल्या. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला त्या दिवशी ती त्याच गोदीत होती.

आपल्याकडच्या वाचकांना जवळचा वाटेल असा भाग इथे येतो. १९४२ च्या मार्चमध्ये ती ॲडमिरल सॉमरव्हिल यांच्या पूर्वेकडील ताफ्याची प्रमुख नौका झाली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जपानच्या पाच विमानवाहू नौका हिंदी महासागरात शिरल्या. त्यांच्या विमानांनी कोलंबो आणि त्रिंकोमाली इथे बॉम्ब टाकले, ‘डॉर्सेटशायर’ आणि ‘कॉर्नवॉल’ या क्रूझर आणि नंतर ‘हर्मिस’ ही विमानवाहू नौका बुडवली. सॉमरव्हिल यांच्याकडे मालदीवमधल्या अद्दू बेटांच्या खाडीत गुप्त तळ होता. त्यांनी ताफ्याचे दोन भाग केले होते. जुन्या, मंद, पुनर्बांधणी न झालेल्या चार नौका दुसऱ्या भागात होत्या, त्यांना शेवटी पूर्व आफ्रिकेत किलिंदिनीला पाठवावे लागले. वॉरस्पाइट मात्र विमानवाहू नौकांबरोबर वेगवान भागात राहिली, आणि हा भाग एप्रिलच्या मध्याला मुंबईत आला. जपानी विमानांपुढे तीही काही करू शकली नसती, हे सॉमरव्हिल जाणून होते आणि म्हणून ते दिवसा समोरासमोर येण्याचे टाळत होते. पण तिला कोणत्या गटात ठेवले, हे पाहा. जवळपास त्याच वयाच्या, तशाच १५ इंची आठ तोफा असलेल्या नौका आफ्रिकेकडे गेल्या आणि ती विमानवाहू नौकांसोबत चालू शकली, कारण तिच्या पोटात सहा नवे बॉयलर होते.

१९४३ च्या जुलैमध्ये सिसिलीत कतानियावर मारा करायला ती घाईघाईने, पूर्ण वेगाने पोहोचली. तेव्हा कनिंगहॅम यांनी पाठवलेला संदेश प्रसिद्ध आहे: म्हातारीने झगा वर धरला की ती धावू शकते, यात शंका नाही. सप्टेंबरमध्ये शरण आलेला इटालियन ताफा माल्टाला नेताना पुढे तीच होती. आणि त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, १६ सप्टेंबर रोजी, सालेर्नोच्या किनाऱ्याजवळ तिला तिचा सर्वांत मोठा घाव बसला.

हा बॉम्ब साधा नव्हता. ‘फ्रिट्झ एक्स’ हा जवळजवळ १४०० किलोचा, विमानातून रेडिओने दिशा देता येणारा जर्मन बॉम्ब होता; आजच्या मार्गदर्शित अस्त्रांचा हा पूर्वज. तो चिमणीजवळ पडला, एकामागून एक डेक भेदत गेला, एका बॉयलररूममध्ये फुटला आणि तळाला मोठे भगदाड पाडून गेला. दुसरा बॉम्ब अगदी बाजूला पडून फुगवटा फाटला. सुमारे पाच हजार टन पाणी आत शिरले. थोड्याच वेळात वाफ संपली, आणि वाफ संपली म्हणजे पंप, सुकाणू, वीज, टरेट सगळेच संपले. नऊ जण मेले. इथे स्वतंत्र बॉयलररूमचा फायदा काही काळ झाला, पण एवढ्या पाण्यापुढे तो पुरला नाही. अमेरिकन टगनी (ओढनौकांनी) तिला ओढत माल्टाकडे नेले. मेसिनाच्या सामुद्रधुनीत प्रवाहाने तिला आडवे फिरवले आणि काही काळ ती आडवीच वाहत गेली. इथे नशीब होते, हे मान्य. त्या तासांत दुसरा हल्ला झाला असता तर हे उत्तर इथेच संपले असते.

पुढची दुरुस्ती मला फार जवळची वाटते. माल्टा, मग जिब्राल्टर, मग स्कॉटलंडमधले रोझाइथ. तिथे तळ पूर्ववत करायला वेळ नव्हता, म्हणून भगदाडावर काँक्रीटचे मोठे आवरण घातले. व्यापारी जहाजावरही समुद्रात पत्रा गळू लागला की आम्ही लाकडी चौकट ठोकून त्यात सिमेंट ओततो. त्याला सिमेंट बॉक्स म्हणतात. ते करताना पाणी वाहायला एक नळी ठेवावी लागते, सिमेंट घट्ट झाल्यावरच ती नळी बंद करायची, नाहीतर दाबाने सगळे उखडते. मी असे बॉक्स घातले आहेत आणि त्यांच्या भरवशावर दोन-दोन आठवडे जहाज चालवले आहे. पण तो आमचा तात्पुरता इलाज असतो, पुढच्या बंदरापर्यंतचा. वॉरस्पाइट त्याच इलाजावर पुन्हा युद्धात गेली. एक बॉयलररूम कायमची बंद आणि मागच्या बाजूचा ‘एक्स’ टरेट निकामी, अशी सहा तोफांची ती ६ जून १९४४ च्या पहाटे नॉर्मंडीच्या किनाऱ्यासमोर उभी राहिली. पहाटे पाचच्या सुमारास तिने गोळीबार सुरू केला. त्या सकाळी मारा सुरू करणाऱ्या पहिल्या मोठ्या नौकांपैकी ती एक होती. दोन दिवसांत तिने तीनशेहून अधिक गोळे डागले.

एक आठवड्याने, झिजलेल्या नळ्या बदलण्यासाठी उत्तरेकडे जाताना, हार्विचजवळ समुद्रातला सुरुंग फुटून तिचे शाफ्ट दुखावले. पुन्हा रोझाइथ. या खेपेस चारपैकी तीनच प्रोपेलर चालू झाले आणि वेग साडेपंधरा नॉटवर आला. तशा अवस्थेत ती ब्रेस्ट, ल आव्र आणि १ नोव्हेंबर १९४४ रोजी हॉलंडमधल्या वाल्खरेन बेटासमोर तोफा चालवत होती. किनाऱ्यावर मारा करायला वेग लागत नाही, स्थिर जागा आणि चालत्या तोफा लागतात. तेवढे तिच्याकडे उरले होते आणि नौदलाने तेवढेच वापरले. वाल्खरेननंतर तिच्या तोफा पुन्हा वाजल्या नाहीत. तिच्या नावावर १५ युद्धसन्मान आहेत, ब्रिटिश नौदलात एकाच जहाजाला मिळालेले सर्वाधिक.

आता आपला दुसरा प्रश्न. तिला संग्रहालय म्हणून जतन करण्याच्या सूचना तेव्हाही झाल्या, पण नौदलाने १९४६ मध्ये तिला भंगारात विकायचे ठरवले. २३ एप्रिल १९४७ रोजी पोर्टस्मथहून क्लाइडकडे ओढून नेताना वादळात दोर तुटले. जहाजावर स्वतःची वाफ नव्हती, इंजिन नव्हते, फिरवायला सुकाणू नव्हते. ओढल्या जाणाऱ्या मृत जहाजाला वादळात सांभाळणे जिवंत जहाजापेक्षा किती तरी अवघड असते, हे ज्याने केले त्याला ठाऊक आहे. ती कॉर्नवॉलमधल्या प्रशिया कोव्हजवळच्या खडकांवर चढली. पेनलीच्या जीवरक्षक नौकेने तिच्यावरच्या आठ जणांना त्या समुद्रातून बाहेर काढले. नंतर तिला थोडे हलवून माराझियनच्या किनाऱ्याशी आणले आणि तिथेच पुढची काही वर्षे ती कापली गेली. म्हणून आज ती कुठेही पूर्ण पाहायला मिळत नाही. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमसमोर ज्या दोन १५ इंची तोफा उभ्या आहेत, त्या पुष्कळ लोक वॉरस्पाइटच्या समजतात. त्या तिच्या नाहीत; एक ‘रॅमिलीज’वरची आणि दुसरी ‘रेझोल्यूशन’वरची आहे, म्हणजे १९४२ मध्ये ज्या मंद गटाला आफ्रिकेकडे पाठवले त्याच जातीच्या नौकांवरच्या. पण नळ्या त्याच प्रकारच्या आहेत, आणि कॅलाब्रियाला २४ किलोमीटर गेलेला गोळा केवढ्या तोंडातून निघाला असेल, हे तिथे उभे राहिल्यावर समजते.